घोटे कमजोर नाहीत हो, स्केट्स मोठे आहेत! आइस हॉकीच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यावर काय करायचं

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर तेच मेसेज सुरू होतात. "दादा, स्केटिंग करताना पाय आत पडतात, घोट्याचा काही व्यायाम आहे का?" "पोराला स्टिक झेपत नाही, हलकी कुठली घेऊ?" "दहा मिनिटांत तळपाय भरून येतात, फ्लॅट फूट असेल का?" इकडे कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे आपली मंडळी वाढली तशी रिंकवर पण दिसायला लागलीत, पोरं हाउस लीगमध्ये (म्हणजे हौशी स्थानिक सामन्यांत) आणि त्यांचे बाबा रविवारी रात्री साडेदहाच्या बिगिनर गेममध्ये (चांगल्या वेळा पोरांना जातात, आमच्या वाट्याला हीच उरते). प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी माझी फजिती. मी नाशिकचा, बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा एवढंच माहीत. अडतिसाव्या वर्षी हौस आली. बुटाचा नंबर 10, म्हणून स्केट्स पण 10 चे घेतले, दुकानातल्या पोराने पाय मोजायचे कष्टही घेतले नाहीत आणि मला विचारायचं सुचलं नाही. घरी घालून कार्पेटवर चाललो, एकदम आरामशीर. वर बायकोने लोकरीचे मोजे दिले, एकावर एक दोन जोड. झालं, पूर्ण सीझन माझे दोन्ही पाय आतल्या बाजूला कोलमडायचे, गुडघे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे. मला वाटलं माझे घोटेच कमजोर, मग काय एका पायावर उभं राहून दात घासायचे, रबरबँडचे व्यायाम, सगळं करून झालं. मार्चमध्ये ड्रेसिंग रूममध्ये आमचा गोली (गोलकीपर) शेजारी बसला होता, साठीचा माणूस, त्याने माझी लेस पूर्ण सोडायला लावली, बोटं पुढे टेकव म्हणाला आणि टाचेमागे स्वतःची दोन बोटं सहज आत सरकवली. दोन! बोलला काहीच नाही, नुसता हसला. पुढच्या आठवड्यात 8.5 चे घेतले आणि तेच घोटे दोन-तीन सेशनमध्ये सरळ उभे राहायला लागले.

तर तक्रार क्रमांक एक, "पाय आत पडतात", याचं दहातल्या आठ वेळा तरी माझ्या बघण्यातलं उत्तर हेच. स्केटचा नंबर बुटाच्या नंबरपेक्षा साधारण 1 ते 1.5 ने कमी असतो. बुटात जी मोकळी जागा आपल्याला आराम वाटते तीच बर्फावर शत्रू, कारण आत पाय हलतो म्हणजे तुम्ही जोर देता तो ब्लेडपर्यंत पोचतच नाही, मधेच बुटात विरतो.

बघायचं कसं ते सांगतो. मोजा पातळ आणि एकच, जो खेळताना घालणार तोच. (जुना नामवंत खेळाडू बॉबी ऑर तर म्हणे मोज्याशिवायच खेळायचा, पण आपण बॉबी ऑर नाही.) पाय घालून टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटा म्हणजे ती मागे नीट बसेल, मग लेस बांधा. सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या टोकाला हलकेच शिवली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून हॉकीच्या पोझमध्ये आलं की टाच मागे जाऊन बोटं किंचित सुटली पाहिजेत. बोटं दुमडत असतील तर लहान, कुठेच शिवत नसतील तर मोठे. दुसरी पेन्सिलची टेस्ट. लेस सैल करा, जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या भोकाच्या पातळीवर बुटावर पेन्सिल आडवी ठेवा. दोन्ही कडांना नीट टेकली तर ठीक, आणि पायाच्या उंचवट्यावर बसून झोपाळ्यासारखी डुलत असेल तर तुमचा पाय त्या बुटासाठी उंच आहे, नंबर वाढवून उपयोग नाही, जास्त खोलीचा बूट घ्या. बॉअर कंपनीत फिट 1, 2, 3 असे प्रकार येतात आणि सीसीएम कंपनीत टेपर्ड, रेग्युलर, वाइड, ते याचसाठी. माझ्यासारखा आयुष्यभर कोल्हापुरी आणि सँडल घातलेला पसरट पंजा असेल तर फिट 3 किंवा वाइड घालून बघितल्याशिवाय दुकानातून निघू नका, नाहीतर रुंदीसाठी लांबी वाढवाल आणि परत तेच रडगाणं.

आता पोरांचं. आपल्याकडे "वाढत्या अंगाचं" घ्यायची जी सवय आहे ना, शाळेचा युनिफॉर्म दोन वर्षं पुरला पाहिजे, ती कृपा करून स्केट्सला लावू नका. फार तर अर्धा नंबर मोठा, बस. माझ्या लेकीला पहिल्या वर्षी मी दोन नंबर मोठे घेतले होते, पुढे कापूस कोंबून (हो, कापूस), आणि ती सगळा वेळ बोर्डला (रिंकभोवतीच्या भिंतीला) धरून उभी, मला वाटलं घाबरते. घाबरत नव्हती, तिला पायाखाली ब्लेड कुठे आहे तेच कळत नव्हतं. वाढत्या पोरांसाठी नवीन घ्यायचेच कशाला, सेकंडहँड दुकानं आहेत, सीझनच्या तोंडाला स्वॅप (जुन्या सामानाचे बाजार) लागतात, तिथून बरोबर मापाचे घ्या आणि पुढच्या वर्षी तिथेच विका.

नंबर बरोबर आहे आणि तरी दुखतंय, असंही असतं. मग कुठे दुखतंय ते बोट ठेवून सांगा, कारण जागा बदलली की कारण बदलतं. तळपायाच्या कमानीत पेटके येत असतील आणि तुम्ही अगदीच नवे असाल तर थोडं थांबा, पायाचे बारीक स्नायू पहिल्यांदाच कामाला लागलेत, त्यात आपण भीतीने बुटाच्या आत बोटं आवळून धरतो. पण महिन्यानंतरही तसंच असेल तर खालच्या तीन-चार भोकांतली लेस सैल करून बघा, सगळे जण खालून वरपर्यंत एकाच ताकदीने आवळतात ते चूक आहे. खाली बेताची, मधे घोट्यापाशी घट्ट, वर परत थोडी सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकतो. बोटं बधीर होतात? एकतर तेच, नाहीतर बूट अरुंद. घोट्याचं हाड एकाच ठिकाणी सोलवटतं? दुकानात सांगा, ते बूट गरम करून नेमकी तेवढीच जागा आतून बाहेर ढकलून देतात, त्याला पंच करणं म्हणतात, पाच-दहा मिनिटांचं काम.

आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे पाय वाकतो तिथे, लाल रेघ उठते आणि हात लावला तरी कळ येते, त्याला इथे लेस बाइट म्हणतात. हे दुर्लक्ष करायचं दुखणं नाही, आमच्यातला एक जण तीन आठवडे बसला होता. वरचं एक भोक सोडून लेस बांधा, जिभेखाली जेलचा पॅड ठेवा, आणि मेण लावलेली लेस वापरत असाल तर काही दिवस साधी वापरून बघा, कारण मेणाची लेस आवळली की सैल पडतच नाही. जुन्या स्केट्सची जीभ पिचून पातळ झालेली असते, त्यानेही होतं.

नवीन स्केट्स बेक करून घ्यायचे. हे ऐकून माझी आई फोनवर म्हणाली होती, बूट भाजतात का रे? भाजतात! दुकानात छोटी भट्टी असते, काही मिनिटं गरम करतात, मग घालून दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं, चालायचं नाही, आणि लेस जपून ओढायची कारण गरम बूट मऊ असतो, दणका दिला तर भोकांच्या कड्या उपटून येतात. त्यानंतर एक दिवस बर्फावर जायचं नाही. घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आणि बेक केल्याने मोठा स्केट लहान होत नाही, हा एक गैरसमज फार आहे.

आता पुढची तक्रार, "घसरतो". इथे एक प्रश्न आधी विचारा, दोन्ही बाजूंना घसरता की एकाच? दोन्ही बाजूंना असेल तर धार गेली किंवा नवीन स्केट्सना धार लावलीच नाही, कारण कोऱ्या जोडीला दुकानात पहिली धार लावून घ्यावी लागते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नखाची टेस्ट करा, नखाचा चपटा भाग ब्लेडच्या कडेवरून हलकेच आडवा ओढा, नखाची पांढरी पूड कडेला लागली तर धार आहे, नुसतं गुळगुळीत सरकलं तर नाही. बोट लावू नका बाबांनो, नख म्हटलंय.

एकाच बाजूला घसरत असाल, समजा डावीकडे वळताना मस्त आणि उजवीकडे वळताना दाणकन खाली, तर दोष बहुतेक तुमचा नाही. ब्लेडच्या खालचा भाग सपाट नसतो, त्याला मधून पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. धार लावताना ब्लेड मशीनवर जरा तिरकं धरलं गेलं की एक कडा उंच आणि दुसरी ठेंगणी होते. स्केट उलटा धरा, कडांवर एखादं नाणं आडवं टेकवा आणि डोळा बारीक करून समोरून बघा, नाणं ब्लेडशी काटकोनात आहे की एका अंगाला कललंय. कललं असेल तर परत जा आणि परत लावून मागा, लाजू नका. मी एकदा दोन आठवडे उजवीकडच्या वळणाची प्रॅक्टिस करत बसलो होतो, कोचिंगचे व्हिडिओ बघून, आणि शेवटी निघालं हेच.

धार लावायला दिली की काउंटरवर विचारतात, किती? आपण म्हणतो, नेहमीची. ती नेहमीची म्हणजे बहुतेक ठिकाणी 1/2 इंच. हा त्या पन्हळीच्या गोलाईचा आकडा आहे, आकडा लहान तेवढी पन्हळ खोल आणि पकड जास्त, पण तेवढंच घसरत पुढे जाणं कमी आणि दमणूक जास्त. वजनदार माणसाचं ब्लेड वजनानेच बर्फात रुततं, त्याने 5/8 घेऊन बघावं, हलक्या पोरांना 3/8 लागू शकतं. हॉकी स्टॉप मारताना (स्केट्स आडवे करून झटकन थांबताना) ब्लेड अडकून तुम्ही तोंडावर जात असाल तर एक पायरी उथळ करा. मी 86 किलोचा, 5/8 वर गेल्यापासून थांबणं पहिल्यांदा जमलं. दहा-पंधरा तास बर्फावर झाले की धार परत लावायची, आणि मधल्या काळात खेळून झालं की ब्लेड फडक्याने कोरडं करा. कडक प्लास्टिकची गार्ड चालण्यापुरती, बॅगेत ठेवताना ती काढून कापडी कव्हर घाला, नाहीतर आत पाणी राहून गंज चढतो. पार्किंगमधून ब्लेडवर टकटक चालत येणारे पण बघितलेत मी, त्यांना काय बोलणार.

स्टिककडे येऊ. इथे आपल्या लोकांचा घोटाळा दुकानात शिरल्या शिरल्या होतो आणि त्याचं मूळ आहे क्रिकेट. तुम्ही उजव्या हाताचे, दुकानदार म्हणतो मग डावी स्टिक घ्या, कारण कॅनडात असंच आहे, बहुतेक लोक डावीच वापरतात, म्हणजे जोरकस उजवा हात वर, डावा खाली आणि ब्लेड डाव्या अंगाला. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. पण तुम्ही आयुष्यभर उजव्या हाताने बॅटिंग केलीय, तिथे डावा हात वर आणि उजवा खाली असतो, चेंडू उजव्या अंगाला. शाळेत मैदानी हॉकी खेळला असाल तर तिथेही डावा हात वरच. म्हणजे तुमच्या हातांना आइस हॉकीची उजवी स्टिक ओळखीची वाटणार. मी दुकानदाराचं ऐकून डावी घेतली आणि दोन महिने डाव्या हाताने जेवल्यासारखं खेळलो, पास देताना पक (खेळायची रबरी चकती) निघायचा आणि कुठे जायचा देव जाणे. खात्री करायची असेल तर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना फावड्याच्या दांड्याच्या वरच्या टोकाला कुठला हात जातो ते बघा, विचार न करता, स्टिकवरही तोच वर. लहान पोरांना अजून कसलीच सवय नसते, त्यांना दोन्ही धरून बघू द्या, त्यांच्यासाठी जोरकस हात वर असणं चांगलंच, कारण बराच वेळ स्टिक एका हातात असते.

उंचीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, अनवाणी उभं राहून स्टिक नाकापर्यंत, स्केट्स घालून हनुवटीपर्यंत. डिफेन्स खेळणारे दोन इंच लांब ठेवतात, लांबून पक काढता येतो, फॉरवर्ड आणि पक पायाजवळ खेळवणारे आखूड. हा नियम सुरुवात म्हणून ठीक, पण खरं कळतं ते ब्लेडवरच्या टेपवरून. दोन-तीन गेम खेळा आणि टेप कुठे झिजलीय ते बघा. टाचेकडे झिजली म्हणजे ब्लेडचं पुढचं टोक हवेत आहे, पास त्याच्या खालून निघून जात असणार, तर स्टिक तुम्हाला लांब पडतेय किंवा तिचा लाय जास्त आहे. टोकाकडे झिजली तर उलट. लाय म्हणजे दांडा आणि ब्लेड यांच्यातला कोन, 4, 5, 6 असे आकडे असतात, आकडा मोठा तेवढा दांडा उभा. मधोमध झिजली असेल तर कशालाच हात लावू नका.

आता फ्लेक्स, म्हणजे स्टिकचा ताठपणा, ज्याच्यामुळे "शॉटला जोरच येत नाही" ही तक्रार येते. स्टिकवर 85 लिहिलंय म्हणजे ती एक इंच वाकवायला 85 पाउंड जोर लागतो. शॉट मारताना स्टिक वाकते आणि सुटून सरळ होते, पकला जोर तिथून मिळतो, वाकलीच नाही तर तुम्ही नुसता बांबू फिरवताय. इकडचा नियम आहे पाउंडातल्या वजनाच्या निम्मा फ्लेक्स. आपल्याला सोपं, किलोतलं वजन घ्या आणि त्यात जेमतेम दहा टक्के मिळवा, तेच उत्तर येतं, 70 किलोला 77. नवशिक्यांनी तर ते दहा टक्के पण विसरावेत, किलो तोच फ्लेक्स. म्हणजे 28 किलोच्या पोराला 30 ची यूथ स्टिक बास, तिथे मोठ्या भावाची 50 ची कापून दिली की संपलं. कापल्यावर स्टिक अजून ताठ होते, हे लक्षात ठेवा! माझ्या शेजाऱ्यांनी 65 ची इंटरमीडिएट (यूथपेक्षा मोठ्या मापाची) स्टिक मुलासाठी पाच इंच कापली, पैसे वाचले म्हणून खूश, आणि पोरगं बिचारं दरवाज्याचा अडसर घेऊन खेळल्यासारखं. बऱ्याच स्टिकच्या वरच्या टोकाला छोट्या खुणा असतात, इथे कापली तर फ्लेक्स एवढा, तसं छापलेलं असतं, करवत लावण्याआधी ते वाचा.

मऊ स्टिक म्हणजे पोरासोरांची असंही नाही. एनएचएल या इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या झडेनो चाराने 2012 च्या ऑल-स्टार स्किल्स स्पर्धेत 108.8 मैल वेगाचा शॉट मारला, तो सहा फूट नऊ इंचांचा माणूस आणि त्याच्या स्टिक भयंकर ताठ असायच्या, पण त्याच लीगमध्ये फिल केसेल अगदी लवचिक स्टिकने वर्षानुवर्षं गोल करत होता.

"सगळे शॉट काचेवर जातात" (म्हणजे गोलच्या वरून रिंकभोवतीच्या काचेवर) म्हणणाऱ्यांनी आधी ब्लेडच्या वाकाचा कोड बघा. पी28 असेल तर ती टोकाकडे वळलेली आणि तोंड उघडी असते, पटकन पक उचलते, मस्त आहे पण नवशिक्याला झेपत नाही आणि बॅकहँड तर विसराच. पी88 त्यामानाने बंद, पास आणि बॅकहँडला सरळ. पी92 सगळीकडे मिळते आणि बहुतेकांना चालते. सुरुवातीला 88 किंवा 92, यापलीकडे डोकं लावू नका. पूर्वी ब्लेड सरळच असायची, 1960 च्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटाची स्टिक प्रॅक्टिसमध्ये पिचली आणि त्या वाकड्या ब्लेडने पक विचित्र उडतो हे त्याच्या लक्षात आलं, मग केळ्यासारख्या ब्लेडची एवढी लाट आली की लीगला मर्यादा घालावी लागली. आज एनएचएलमध्ये वाक जास्तीत जास्त 3/4 इंच चालतो.

दांडा कुठून वाकतो, खालून की मधून, यावर दुकानात लंबी चर्चा होते. पटकन मनगटी शॉट मारणाऱ्यांना खालून, स्लॅपशॉटवाल्यांना मधून. आम्हा रविवारवाल्यांना काही फरक पडत नाही. चारशे डॉलरच्या स्टिकबद्दल पण हेच, ती हलकी असते हे खरं, मोडते पण तितक्याच सहज. ते पैसे आधी स्केट्सवर घाला.

एक महत्त्वाचं, काहीही बदलाल तर एका वेळी एकच. नवीन धार, नवीन लेस आणि नवीन स्टिक एकाच रविवारी घेऊन आलात तर बरं कशाने वाटलं किंवा वाईट कशाने, कसं कळणार? आधी स्केटचं माप, मग धार, मग स्टिकचा हात, लांबी, शेवटी फ्लेक्स आणि ब्लेड. लांबी कापायच्या आधी एक अख्खा गेम वरचा हात दोन इंच खाली धरून खेळा, तिथे टेपची खूण करा, बरं वाटलं तरच कापा, आणि तेही एका वेळी एकच इंच. जास्त कापली गेली तर वरून लाकडी जोड बसवता येतो पण मग वजन वर जातं आणि ते हाताला जाणवत राहतं.

सेकंडहँड स्केट्स घेताना ब्लेडची उंची बघा, धार लावून लावून स्टील संपत येतं, होल्डरच्या (ब्लेड धरणाऱ्या प्लास्टिकच्या) खाली अगदी थोडंच उरलं असेल तर नवीन स्टीलचे पैसे धरून भाव करा. मग घोट्याचा भाग दोन्ही हातांनी आत दाबा. लगेच मऊ पुठ्ठ्यासारखा चेपला तर तो स्केट संपलाय, कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. खालचे रिव्हेट हलतायत का तेही बघा, बुटाच्या तळाशी होल्डर धरून हलवला की कळतं, आमच्यातल्या एकाचा भर गेममध्ये मागचा रिव्हेट निघाला आणि तो गुडघ्यावर रांगत बेंचपर्यंत आला होता. पोरांचे जुने स्केट्स घेताना आत हात घालून टाचेचं अस्तर चाचपा, तिथे भोक पडलेलं असलं तर पहिल्याच दिवशी फोड येणार आणि तुम्हाला वाटणार नंबर चुकला.